पाप म्हटलं की पॉइंट गेला

मथुरा लग्न होऊन बेंगळूरला आली तेव्हा तिला एकच भाषा येत होती, माण तालुक्यातली मराठी. तिच्या गावाबाहेर उघडा माळ होता, माळावर मेंढरं होती, आणि मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाला फार बोलावं लागत नाही. हाळी दिली की जनावर वळतं. तेवढी भाषा पुरते.

सासर जुनं बेंगळूरचं. तीनशे वर्षांमागे घोड्यांच्या आणि तंबूंच्या मागोमाग आलेली मराठा माणसं, ती इथंच राहिली. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि ऐन उंबऱ्यावर दोन्ही. सासू अंबूबाई म्हणायची, "मथुरा, स्वल्प दूध तापव गे," आणि मथुरा पातेलं हातात धरून विचार करत उभी राहायची, की हे स्वल्प कुठल्या डब्यात ठेवलंय. नवरा शिवकुमार कारखान्यात लेथवर होता. पुढे तो कारखाना बोम्मसंद्राला गेला आणि शिवकुमारही रोज त्याच्या मागे जाऊ लागला. घर जे. पी. नगरच्या कडेला, एका वठारात. एकच अंगण, अंगणाभोवती खोल्यांची रांग, मधे एक नळ. नळावर सगळ्या बाया कन्नड बोलायच्या. मथुरा घागर भरायची आणि मान खाली घालून परत यायची.

रंजिता झाली तेव्हा वठारात पेढे वाटले. पोर गोरीगोमटी, पायात बळ असलेली. वर्षाची व्हायच्या आत अंगणभर चालली. मग पावसाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना तो दोन्ही पाय घेऊन गेला. उजवा थोडा राहिला, डावा अगदी ओल्या फडक्यासारखा.

दवाखान्यातून पोरीला घरी आणलं, त्या दिवशी अंबूबाईने नातीला मांडीवर घेतलं, तो लुळा पाय हातात धरला आणि हलकेच डोलत म्हणाली, "पाप, पाप माझी पोर."

मथुरा चुलीपाशी होती. तिचा हात थांबला.

संध्याकाळी वठारातल्या बाया आल्या. पोरीकडे बघून एकेकीने हळहळत तेच म्हटलं. "अय्यो, पाप." दूधवाला म्हणाला. रस्त्यावरची अनोळखी म्हातारी म्हणाली. बसमध्ये कंडक्टर म्हणाला. पुढची चार वर्षं मथुरा जिथे जिथे पोरीला कडेवर घेऊन गेली, तिथे तिथे तो शब्द तिच्याआधी येऊन बसलेला असायचा.

तिच्या गावी असं झालं की लोक म्हणत, कुणाचं तरी पाप फेडतंय लेकरू. इथले लोक तोंडावर म्हणतात, एवढाच तिला फरक वाटला. आणि सासूही म्हणते. मग ते खरंच असणार. कुणाचं पाप? नवरा देवमाणूस. सासूने मुंगीलाही कधी चिरडलं नाही. राहिली ती स्वतः. मथुरा आपल्या आयुष्यात मागे मागे गेली आणि तिला सापडलं. ती दहा-अकरा वर्षांची असताना माळावर एक लंगडं कोकरू होतं. दिवस बुडत आला होता, वळीव दाटला होता. कळप पुढे निघाला, कोकरू मागे राहिलं. तिने एकदा वळून पाहिलं. हातात दुसरं कोकरू होतं. ती तशीच पुढे गेली. रात्रभर ते ओरडलं असेल, सकाळी तिथे काही नव्हतं.

तेच हे. मथुराला आता काही विचारायचं राहिलं नाही. तिने मनाशी ठरवलं, की हे कोकरू मी कधी खाली ठेवणार नाही.

आणि तिने ठेवलं नाही. रंजिता पाच वर्षांची झाली तरी मथुराच्या कडेवर असायची. पोरीने जमिनीवरून सरपटत जायला सुरुवात केली की मथुरा धावत येऊन तिला उचलायची. जमिनीवर सरपटणारं आपलं पोर कुणाच्या नजरेला पडू नये, एवढ्यासाठी ती पहाटे उठायची आणि वठार जागं व्हायच्या आत पोरीचं सगळं आवरायची.

सासूसुनेचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. अंबूबाईला कळत नव्हतं, की ही पोरगी आपल्यावर कशाने रुसली. मग एके दुपारी कौलातून चिमणीचं पिल्लू खाली पडलं. अंबूबाई वाकून म्हणाली, "पाप, पडलं बघ."

मथुराने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "त्या पाखरानं काय पाप केलं, आत्याबाई?"

अंबूबाई हसली. "पाखरू कसलं पाप करतंय गे? पाप म्हणजे बिचारं. कन्नडातलं पाप. तुमच्याकडचं न्हवे." मग सुनेच्या तोंडाकडे बघून तिचं हसू विझलं. "तू काय समजून बसलीस इतके दिवस?"

मथुरा उठली. सूप बाजूला ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात बसली आणि पदर तोंडाला लावला. अंबूबाई तिच्याजवळ येऊन बसली. पिल्लू अंगणात चिवचिवत राहिलं.

त्या दिवसापासून तोच शब्द मथुराला थंड पाण्यासारखा लागला. ज्याने चार वर्षं पोळलं, तोच आता फुंकर घालत होता. लोक शिव्या देत नव्हते, लोक हळहळत होते. मथुराने तो शब्द उचलला आणि आपला करून टाकला. पोरीला न्हाऊ घालताना पाप, भरवताना पाप, झोपवताना पाप गं माझं लेकरू. तिला दुसरा लाडाचा शब्द आठवेनासा झाला. नळावर बाया हळहळल्या की ती आता घागर खाली ठेवून दोन घटका थांबायची. कन्नडही तिला त्याच नळावर आलं.

रंजिता सातवीपर्यंत शिकली. पुढची शाळा वरच्या मजल्यावर भरायची. मथुरा म्हणाली, "कशाला जिने? बिचारीचा जीव घेता काय?" शिवकुमार गप्प बसला. मग रंजिता खिडकीत बसू लागली. तिचा पाठीचा कणा एका बाजूला झुकत चालला होता, बसून बसून. पायाला लोखंडी पट्ट्यांचे बूट होते, कॅलिपर म्हणायचे त्याला, पण ते भिंतीला टेकवून ठेवलेले असायचे. घालून जायचं कुठे?

वठारात शेजारच्या खोलीत भव्या राहायची. रंजिताच्या वयाची, कॉलेजात थ्रोबॉल खेळणारी, एका जागी न ठरणारी. ब्याण्णव साली ती एकदा खिडकीशी आली आणि गजातून म्हणाली, "रंजी, तुझे हात रिकामे आहेत का?"

"दिसतात की. का, मेंदी काढायची आहे?"

"चेंडू झेलायचाय. आमच्यात एक कमी पडतंय."

"मला उभं राहता येत नाही, तुला माहिती नाही का गे?"

"तिथे कुणालाच उभं राहू देत नाहीत," भव्या म्हणाली.

ते खरं होतं. रिंग रोडच्या अलीकडे एक मोकळं मैदान होतं. तिथे शेषगिरी नावाचे एक निवृत्त कवायत मास्तर दर रविवारी खेळ घ्यायचे. बसून थ्रोबॉल. जाळी खाली बांधलेली, चेंडू तोच, नियम तेच, फक्त सगळ्यांनी जमिनीवर बसायचं. ज्यांचे पाय चांगले, त्यांनी ओढणीने किंवा पंच्याने आपले पाय बांधून घ्यायचे. भव्या पाय बांधायची. एक बँकेतला माणूस होता, एक पाय मांडीपासून नसलेला. एक मुकी मुलगी होती. दोन कॉलेजची पोरं होती, धडधाकट. कडेला एक करंज होता, तिकडे त्याला होंगे म्हणतात. त्या झाडाखाली सगळ्यांनी आपलं पायातलं काढून ठेवायचं, चपला, बूट, कॅलिपर, कुबड्या, सगळ्यांचा एक ढीग. एकदा ढीग झाला की कुणाचं काय ते सांगता यायचं नाही.

मथुरा नको म्हणाली. अंबूबाई म्हणाली, "जाऊ दे की. सरी, चालेल, एकदा जाऊन येऊ दे." शिवकुमारने कॅलिपरचे पट्टे तेल लावून मऊ केले. भव्याने रंजिताला लूनावर मागे बसवलं, ओढणीने स्वतःच्या कमरेला बांधलं आणि नेलं.

रंजिता परत आली ती ओळखू येईना. परकर तांबड्या मातीने भरलेला, तळहात सोललेले, कोपराला खरचटलेलं. आणि ती जेवायला मागत होती. मथुराने कोपर धुता धुता म्हटलं, "पाप गं माझं—"

"आई, थांब," रंजिताने हात ओढून घेतला. "तो शब्द आता चालायचा नाही. आमच्याकडे नियम आहे. पाप म्हटलं की पॉइंट गेला."

"कुणाचा?"

"ज्याच्या माणसाने म्हटलं त्याचा. खेळणारा असो, बघणारा असो. समोरच्यांना फुकटचा पॉइंट. शेषगिरी सरांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही, चेंडू कुठे पडला ते आम्हीच ओरडून सांगतो आणि त्यावरनं भांडणं लागतात. पण कान असे, की रस्त्यापलीकडे कुणी पाप म्हटलं तरी हात वर करतात."

अंबूबाईने विचारलं, "मग एखादा पडला-बिडला तर म्हणायचं काय?"

"हाक म्हणायचं. हाक, हाक, असं ओरडायचं."

"हाक?" मथुरा म्हणाली. "कुणाला मारायची?"

रंजिता पोट धरून हसली. अंबूबाईही हसली, शिवकुमारच्या तोंडातला घास अडकला. "आई, कन्नडातलं हाक. म्हणजे टाक. चेंडू टाक इकडे. तुझी मराठी दर खेपेला आडवी येती बघ."

मथुराही हसली. पण त्या हसण्यात तिच्या हातून काही निसटलं आणि ते काय, हे तिला कळलं नाही.

पुढची वर्षं रंजिताची होती. तिचे खांदे भरले, सगळ्या पोलक्यांच्या बाह्या उसवाव्या लागल्या. ती कॅलिपर घालून, कुबड्या घेऊन बसथांब्यापर्यंत एकटी जाऊ लागली. कंडक्टरशी हुज्जत घालू लागली. बँकेतल्या त्या एका पायाच्या माणसाच्या ओळखीने तिला एका एसटीडी बूथवर काम मिळालं. दिवसभर ती काचेच्या डब्यात बसून लोकांना नंबर लावून द्यायची, आणि घरी येऊन कोण कुणाशी कसं बोललं त्याच्या नकला करायची. तिला मैत्रिणी होत्या, शत्रू होते. मारतहळ्ळीच्या संघातल्या एका पोरीशी तिचं असं वैर होतं, की दोघी एकमेकींच्या लग्नाला जायचं ठरवून बसल्या होत्या, फक्त टोमणे मारायला.

एकच गोष्ट तिला मिळत नव्हती. दर रविवारी निघताना ती म्हणायची, "आई, आज येतीस का बघायला?" आणि मथुराला काहीतरी काम निघायचं. डाळ भिजत घातलीय, कपडे वाळत घातलेत. खरं कारण ती सांगू शकत नव्हती. जे तिने पंधरा वर्षं जगापासून लपवलं, ते पोर त्या मैदानात सगळ्यांसमोर करत होतं. जमिनीवरून सरपटत होतं.

रंजिताने करंजाखाली एक गोणपाट ठेवलं होतं. "तुझी जागा ती," ती सांगायची. "दुसऱ्या कुणाला बसू देत नाही मी."

शहाण्णव साली मारतहळ्ळीवाल्यांशी मोठा सामना ठरला. त्या दिवशी शिवकुमार म्हणाला, "मथुरा, चल. एवढं म्हणते पोर." आणि मथुरा गेली. गोणपाटावर बसली. शेजारी तो ढीग होता. त्यात रंजिताचे कॅलिपर भव्याच्या चपलांवर आडवे पडले होते.

खेळ सुरू झाला आणि मथुराला आपली मुलगी दिसेना. म्हणजे दिसत होती, पण ती वेगळीच कुणी होती. हातांवर अंग उचलून ती कडेला सरायची, परत यायची, दोन्ही हात वर करून चेंडू घ्यायची आणि छातीतून ओरडायची, "हाक, भव्या, हाक." समोरची ती वैरीण म्हणाली, "बूथमध्ये बसून आवाज भारी झालाय तुझा." रंजिता म्हणाली, "तुझा नंबर लागत नाही, परत प्रयत्न कर." सगळे हसले. दोन्ही बाजूंचे पॉइंट बरोबरीने चढत गेले. अखेर दोघांनाही एकेकच हवा होता.

चेंडू आला तो रंजिताच्या डाव्या अंगाला, लांब. झुकलेल्या कण्याच्या बाजूला. रंजिताने सगळं अंग तिकडे फेकलं. ती कुशीवर पडली, गाल मातीत घासला, लुळे पाय एकावर एक विचित्र मुडपले.

"पाप गं माझं लेकरू," मथुरा म्हणाली.

ओरडली नाही. ओठांतल्या ओठांत म्हणाली. शेजारी बसलेल्या शिवकुमारलाही नीट ऐकू गेलं नाही. पण जाळीच्या टोकाला उभ्या असलेल्या शेषगिरींनी मान वळवली. ते क्षणभर थांबले. मग त्यांचा हात हळूहळू वर गेला, समोरच्या बाजूला.

मग मथुराने पाहिलं. मातीत पडलेल्या रंजिताचे दोन्ही हात डोक्यापलीकडे लांबवलेले होते, आणि त्या हातांत चेंडू होता. तिने झेलला होता. जमिनीला लागू दिला नव्हता.

समोरची वैरीण म्हणाली, "सर, असला पॉइंट आम्हाला नको." शेषगिरी म्हणाले, "नियम आहे." रंजिताच कोपरावर उठत म्हणाली, "नियम आहे. घ्या. पुढच्या वेळी परत घेईन."

घरी यायला रिक्षा केली. जे. पी. नगरच्या वळणावर रंजिता म्हणाली, "आई, मी पडले नव्हते. मी चेंडूकडे गेले होते."

मथुराने तिच्या गालावरची माती पुसायला पदर उचलला आणि तसाच खाली घेतला.

"तुला पडलेलीच तेवढी दिसले," रंजिता म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मथुराला सोसला असता. "पुढच्या वेळी ये. पण चेंडू बघ. माझ्याकडे बघू नको, चेंडूकडे बघ. बघशील?"

"माझ्या तोंडाचा भरवसा नाही गं," मथुरा म्हणाली.

आणि ती परत गेली नाही. रंजिता विचारायची, प्रत्येक रविवारी, अगदी न चुकता. मथुरा डाळ भिजत घालायची. पोरीचा पॉइंट आपण घालवला, एवढंच तिच्या मनात कोरलं गेलं होतं. विचारणारी पोर काय मागतेय, ते तिने ऐकलंच नाही. गोणपाट करंजाखाली तसंच अंथरलेलं असायचं, भव्या सांगायची. पानं पडायची त्यावर.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात थंडी पडली आणि रंजिताच्या छातीत सर्दी उतरली. दोन दिवस बूथवर गेली, तिसऱ्या दिवशी श्वास पुरेना. इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो काढला. कण्याने एका फुप्फुसाला जागाच ठेवली नव्हती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी रंजिताचे खांदे, दंड चाचपून पाहिले आणि शिवकुमारला विचारलं, "व्यायाम करायची का ही?"

"थ्रोबॉल खेळते. बसून."

"किती वर्षं?"

"पाच-सहा झाली."

"बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. "त्यानेच छाती इतके दिवस मोकळी राहिली. लहानपणापासून असं काही मिळालं असतं तर." एवढं म्हणून ते थांबले, कारण त्यांनी मथुराचा चेहरा पाहिला.

मथुरा खाटेजवळ बसून राहिली. रंजिताच्या तोंडावर प्राणवायूची वाटी होती, बोलता येत नव्हतं. ती डोळे उघडून आईकडे बघायची. मथुराने तिचा हात धरला. त्या हाताला घट्टे होते, चेंडूचे, कुबड्यांचे, जमिनीचे. मथुराच्या छातीतून तो शब्द वर येत होता, घशाशी येत होता, ओठांवर येत होता, आणि ती दात मिटून तो गिळत होती. या वेळी पोरीचा पॉइंट जाऊ द्यायचा नव्हता. पण त्या शब्दाजागी म्हणायला तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता. वीस वर्षांत तिने दुसरा शिकूनच घेतला नव्हता. म्हणून ती काहीच बोलली नाही. रंजिता बघत राहिली, वाट बघितल्यासारखी, आणि पहाटे तिने बघणं थांबवलं.

मग वठार भरून गेलं. नळावरच्या बाया आल्या, दूधवाला आला, बूथवर फोन करायला येणारी माणसं आली. सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. ऐंशीला टेकलेली अंबूबाई भिंतीला पाठ लावून बसली होती आणि डोलत होती, रिकाम्या मांडीवर हात ठेवून. "पाप, पाप माझी पोर." मथुराच्या कानात तो शब्द पुन्हा पहिल्या दिवसासारखा पडला. माणदेशातल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी मैदानावरची माणसं आली. भव्या, बँकेतला माणूस, मुकी मुलगी, मारतहळ्ळीची ती वैरीणसुद्धा. शेषगिरी सरांना धरून आणलं होतं. दारात त्यांनी पायातलं काढून ठेवलं, कॅलिपर, कुबड्या, चपला, एका ढिगात. आणि मग सगळेच्या सगळे जमिनीवर बसले, रांगेत, भिंतीला न टेकता. पुष्कळ वेळ बसले. कुणी एक अक्षर बोललं नाही. भव्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ओठ असे आवळले होते की ते पांढरे पडले होते. मग ते उठले, नमस्कार केला आणि गेले.

शिवकुमार दुखावला. "इतक्या वर्षांचं नातं," तो म्हणाला, "आणि जाताना एक शब्द निघू नये तोंडातून?"

मथुरा दारात पडलेल्या तांबड्या मातीच्या ठशांकडे बघत होती. ती म्हणाली, "त्यांनी पोरीचा पॉइंट राखला."

शिवकुमारला समजलं नाही. तिने समजावलंही नाही. पण त्या सगळ्या दिवसांत तिला पहिल्यांदा मोकळं रडू आलं ते तेव्हा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तिने कॅलिपर पिशवीत घातले आणि ती चालत मैदानात गेली. खेळ नुकताच सुरू होत होता. मैदानाच्या एका अंगाला सर्वेअरचे दगड पुरले होते, तिथे घरं उठणार होती. शेषगिरी सर जाळी चाचपत होते.

"सर," ती कन्नडमध्ये म्हणाली, "हे आणलेत. कुणाला उपयोगी पडले तर."

त्यांनी हात पुढे करून लोखंडी पट्ट्यांवरून बोटं फिरवली. ओळखलं. "झाडाखाली ठेवा," ते म्हणाले. "खेळ चालू असताना ते तिथेच असतात."

मथुराने ते ढिगात ठेवले. मग आपल्या चपला काढून त्यांच्याजवळ ठेवल्या. गोणपाट अंथरलेलं होतं, वरची पानं कुणीतरी झटकली होती. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग वळून मैदानात गेली. रांगेत डाव्या टोकाला एक जागा मोकळी होती, कुणी भरली नव्हती. मथुरा तिथे लुगडं सावरून खाली बसली.

कुणी विचारलं नाही. भव्या हातांवर सरपटत आली, गळ्यातली ओढणी काढली आणि मथुराचे पाय घोट्याशी आवळून बांधले.

"सैल नाही ना, आंटी?"

"नाही."

इतक्या खालून मथुराने ते मैदान कधी पाहिलं नव्हतं. जाळी उंच दिसत होती. करंजाच्या फांद्यांमधून ऊन येत होतं. माणसं सगळी सारख्या उंचीची होती. हे रंजिता बघायची. घरात इतकी वर्षं तिला काय दिसायचं, मथुराच्या खांद्यावरून? मागे जाणारी वाट.

चेंडू आला. ताकदीने मारलेला, दयामाया न करता, तिच्या डाव्या अंगाला. मथुराने चेंडूकडे पाहिलं. त्याची उसवलेली शिवण दिसली, त्यावरची माती दिसली. ती तिकडे गेली, सगळ्या अंगाने, आणि कुशीवर आपटली. गाल मातीत घासला. चेंडू बोटांना लागून पलीकडे गेला.

ती पडून राहिली. शेषगिरींचा आवाज आला, नेहमीसारखा. "पॉइंट तिकडे."

आणखी कुणी काही म्हटलं नाही. कुणी उचलायला आलं नाही. मथुराचं सगळं अंग हुंदक्यांनी हलत होतं, माती तोंडात गेली होती, आणि ते सगळे जण आपापल्या जागी बसून तिची वाट बघत होते, जशी खेळणाऱ्याची बघतात. इस्पितळात पोरीने बघितली होती तशी.

मथुरा तळहात टेकून उठली. पदराने तोंड पुसलं नाही. पलीकडे भव्याच्या हातात चेंडू होता.

मथुराला श्वास घ्यायला थोडा वेळ लागला. मग तिने आवाज काढला, माळावर काढायची तसा, लांबवर जाईल असा.

"हाक," ती म्हणाली. "हाक."